अनुदान वितरण व खर्चनियंत्रण (महाराष्ट्र शासन)

विधिमंडळाने मंजूर केलेली रक्कम वित्त विभागाकडून खालच्या कार्यालयांपर्यंत पोहोचवण्याची आणि ती मर्यादेत खर्च होते की नाही हे पाहण्याची पद्धत. अर्थसंकल्पात तरतूद झाली की पैसा हाती आला, असा समज असतो. प्रत्यक्षात तरतूद आणि वितरण यांत बरेच अंतर असते, आणि वित्त विभागाचा लगाम तिथेच असतो.

संविधानाच्या अनुच्छेद २०४ प्रमाणे विनियोजनाचा (कोणत्या कामाला किती रक्कम हे ठरवणारा) कायदा झाल्यावाचून राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. प्रत्येक रुपया लेखाशीर्षाला, म्हणजे खर्चाच्या सांकेतिक क्रमांकाच्या खात्याला, बांधलेला असतो : २२०२ सर्वसाधारण शिक्षण, २२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. त्याखाली ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च अशी बाबनिहाय विभागणी होते. वेतनात शिल्लक राहिली म्हणून कार्यालयप्रमुखाला त्यातून परस्पर खुर्च्या घेता येत नाहीत.

वितरण ‘बीम्स’ या संगणकप्रणालीवर होते. वित्त विभाग निधी खुला करतो. तो प्रशासकीय विभाग आणि नियंत्रक अधिकारी यांच्यामार्फत आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या (कार्यालयासाठी पैसे काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नावे जमा होतो. देयक कोषागारात नेण्याआधी प्रणालीवरून प्राधिकारपत्र काढावे लागते. त्या शीर्षाखाली शिल्लक नसेल तर ते निघत नाही. वित्त विभागाने हात आखडला की काय होते, हे टाळेबंदीत दिसले. मे २०२० मध्ये विकास योजनांना वार्षिक तरतुदीच्या ३३ टक्केच निधी देण्याचे ठरले. त्यासाठी सभागृहात नव्याने मतदान घ्यावे लागले नाही.

एका बाबीतली बचत दुसरीकडे वळवणे म्हणजे पुनर्विनियोजन. ते सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने आणि एकाच अनुदानाच्या, म्हणजे सभागृहाने एका मागणीखाली मंजूर केलेल्या रकमेच्या, आत होते. महसुली खर्चाची रक्कम भांडवलीकडे किंवा दत्तमत (सभागृहाच्या मतदानाने मंजूर झालेली) रक्कम भारित (मतदान न लागणाऱ्या) खर्चाकडे नेता येत नाही. नवीन बाबीसाठी पूरक मागणी, म्हणजे वर्षाच्या मध्येच सभागृहाची जादा मंजुरी, लागते. अधिवेशनापर्यंत थांबणे शक्य नसेल तर आकस्मिकता निधीतून (अनपेक्षित खर्चासाठी राखलेल्या निधीतून) अग्रिम घेऊन पुढे त्याची भरपाई केली जाते.

न खर्चलेली तरतूद ३१ मार्चला व्यपगत होते, म्हणजे रद्द ठरते. बचत त्याआधीच समर्पित (वित्त विभागाला परत) करावी, असा नियम आहे. मात्र निधीच उशिरा मिळाला तर कार्यालयांना देयकांची घाई करावी लागते. ही मार्चअखेरची धावपळ केवळ खालच्या कार्यालयांच्या आळसाने होते, हे म्हणणे एकांगी आहे. निधी व्यपगत होऊ नये म्हणून तो स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या नावे कोषागारात असलेल्या ठेव-खात्यात) ठेवण्याच्या प्रथेवर महालेखापरीक्षकांनी आक्षेप नोंदवले आहेत. अनुदानापेक्षा जादा झालेला खर्च लोकलेखा समितीच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या विधिमंडळाच्या समितीच्या) तपासणीनंतर अनुच्छेद २०५ खाली विधानसभेकडून नियमित करून घ्यावा लागतो.