फराळाची कापडी परडी : शिवायला बसण्याआधी वाचा

दसरा झाला की दुकानात एकच प्रश्न सुरू होतो. "फराळ द्यायला छोट्या परड्या शिवायच्यात, मीटरभर कापडात किती होतील?" उत्तर परडीच्या मापावर आहे, कापडाच्या पन्ह्यावर (म्हणजे रुंदीवर) आहे आणि कापड आधी भिजवलंत की नाही यावरही आहे. दिवाळीच्या गर्दीत एवढं सगळं काउंटरवर उभ्या उभ्या सांगणं जमत नाही, म्हणून हे पत्रक. आमच्याकडचा तयार संच घेतला असेल तरी वाचा. घरातल्या जुन्या साडीची परडी करणार असाल तर जरूरच वाचा.

माप

परडी एकाच चौकोनी तुकड्यातून होते. तुकड्याच्या चारही कोपऱ्यांतून एकेक छोटा चौकोन कापून टाकायचा, चारही बाजू उभ्या करायच्या आणि लगतच्या कडा एकमेकींना जोडायच्या. हिशेब असा :

तुकड्याची बाजू = तळ + उंचीची दुप्पट + १ इंच शिलाईसाठी.
कोपऱ्यातून कापायचा चौकोन = परडीची उंची, तेवढीच.

समजा तळ ५ इंच आणि उंची ३ इंच हवी आहे. ५ + ६ + १ म्हणजे १२ इंचांचा चौकोन घ्या आणि प्रत्येक कोपऱ्यातून ३ इंचांचा चौकोन कापा. शिलाई सगळीकडे अर्धा इंच, म्हणजे चार सूत. हा हिशेब पाठ झाला की कुठल्याही मापाची परडी स्वतःच बेतता येते. संक्रांतीला तिळगुळासाठी छोटी हवी असेल तर तळ ३, उंची २, तुकडा ८ इंचांचा. भाऊबीजेला भावाच्या घरी सगळा फराळ एकत्र न्यायचा असेल तर तळ ७, उंची साडेतीन, तुकडा १५ इंचांचा.

कोपरा कापताना उंचीत शिलाई मिळवायचा मोह होतो. मिळवू नका. शिलाई वरच्या हिशेबातल्या १ इंचात आधीच धरलेली आहे. पुन्हा धरली तर तळ लहान होतो आणि परडी नळकांड्यासारखी उभट दिसते.

५ इंचांच्या तळात मध्यम आकाराचे बेसनलाडू एका थरात चार बसतात, दोन थरांत आठ. चकल्या उभ्या लावू नका, आडव्या एकावर एक ठेवा. करंज्या भरायच्या असतील तर मोठं, साडेतीन इंच उंचीचं मापच घ्या. लहान परडीत त्या काठाबाहेर येतात आणि वाटेतच टोकं मोडतात.

कापड किती, कुठलं

४४ इंच पन्ह्याच्या एक मीटर सुती कापडातून १२ इंचांचे नऊ तुकडे निघतात. ३६ पन्ह्यातूनही नऊ निघतील असं कागदावर वाटतं, बारा त्रिक छत्तीस. पण भिजवल्यावर कापड आकसतं, किनार सोडावी लागते, आणि मग आडवे दोनच तुकडे बसतात. म्हणजे मीटरमागे सहा. उरलेली उभी पट्टी टाकून देऊ नका, तिळगुळाच्या चार परड्यांचे तुकडे तिच्यातून निघतात. अस्तरही बाहेरच्या कापडाएवढंच लागतं.

सुती कापड आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि मगच कात्री लावा. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात बाहेरचं कापड आकसतं, अस्तर तसंच राहतं आणि परडीच्या तोंडाशी चुण्या पडतात. गडद लाल, मरून, निळ्या रंगाचा तुकडा पांढऱ्या ओल्या फडक्यावर दाबून बघा. रंग फडक्यावर उतरला तर ते कापड फराळाच्या परडीला नको. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. बाजारातल्या आजच्या रंगांवर मिठाचा काही उपयोग होत नाही.

सगळ्यात जास्त मागणी खणाला असते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण चोळीसाठी विणला जायचा, त्यामुळे पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असतो. आता खणासारखंच दिसणारं मिश्र धाग्याचं कापड रुंद पन्ह्यातही मिळतं आणि दोन्हींची किंमत वेगळी असते. पन्हा विचारूनच हिशेब करा. खण विरळ असतो, कापल्या कापल्या कडेचे धागे सुटतात. म्हणून कापण्याआधी मागच्या बाजूला पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड) चिकटवून घ्या, मग खडूने माप आखा.

नक्षी निवडताना एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. परडी एका सलग तुकड्याची असल्यामुळे सगळ्या बाजू तळापासून वर वळतात. हत्ती, मोर, कोयऱ्या अशी एकाच दिशेची नक्षी घेतलीत तर एका बाजूचा मोर सरळ, समोरच्या बाजूचा डोक्यावर उभा आणि उरलेल्या दोन बाजूंचे आडवे झोपलेले! बुट्टी, चौकडा, ठिपके घ्या, ते कुठूनही सरळच दिसतात. मोर हवाच असेल तर बाजू वेगवेगळ्या कापून जोडाव्या लागतील. तेवढी चिकाटी असेल तर करा, आम्ही आग्रह करणार नाही.

जुन्या साडीची परडी करताना पदरापेक्षा काठ वापरा. साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेली असते, त्या घडीवर धागा कुजलेला असतो. कापड दोन्ही हातांत धरून आडवं-उभं ताणा. चर्रर्र आवाज आला तर तो भाग सोडून द्या. काठाची पट्टी परडीच्या तोंडाला बाहेरून लावली की साध्या मांजरपाटाच्या परडीलाही रूप येतं. ५ इंच तळाच्या परडीला २१ इंच लांब पट्टी पुरते.

कडकपणा कशाने येतो

नुसत्या दोन कापडांची परडी फराळाच्या वजनाने पसरते. मध्ये काहीतरी घालावं लागतं. बकरम (आत घालायचं कडक कापड) स्वस्त पडतं, पण खळीचं असेल तर एकदा धुतलं की लुळं होतं. ज्या परड्या परत वापरायच्या आहेत त्यांना पर्स-बॅगांसाठी मिळणारा पातळ फोम किंवा जाड फ्यूजिंग घाला. आमच्या संचात फोम असतो.

फोम पूर्ण १२ इंचांचा कापायचा नाही. शिलाईत फोम आला की कोपरे जाड होतात आणि घरगुती मशीनची सुई अडते. ११ इंचांचा चौकोन घ्या, त्याच्या कोपऱ्यांतून ३ इंचांचेच चौकोन कापा आणि बाहेरच्या कापडाच्या उलट बाजूवर मधोमध ठेवा. कडेने सगळीकडे चार सूत मोकळी राहतील. टीप बरोबर फोमच्या कडेला लागून येते, त्यामुळे आखायचीही गरज उरत नाही.

फ्यूजिंग वापरत असाल तर त्याची खरखरीत, डिंकाची बाजू कापडाला लावा. वर ओलसर सुती फडकं टाका आणि इस्त्री फिरवू नका, उचलून उचलून दाबा. फिरवली की फ्यूजिंग सरकतं आणि फुगे धरतात. खणावर फडक्याशिवाय इस्त्री ठेवूच नका, त्यातला कृत्रिम धागा चकाकी धरतो.

शिवण

सुई १६ नंबरची लावा, टाका थोडा मोठा ठेवा. फोम आधी कच्च्या धावदोऱ्याने कापडावर बसवून घ्या. मग तळाच्या चौकोनाच्या चारही रेषांवर सरळ बाजूने एकेक टीप मारा. परडी तिथेच नीट दुमडते आणि तळ सपाट बसतो. एवढं एक जास्तीचं काम केलेली परडी आणि न केलेली परडी शेजारी ठेवली तर फरक लांबूनही दिसतो.

आता कोपरे. कापलेल्या दोन कडा सरळ बाजू आत ठेवून जुळवा, तुकडा कोपऱ्यापाशी तिरका दुमडला जाईल. तोंडापासून सुरू करून दुमडीपर्यंत टीप आणा आणि दोन्ही टोकांना उलटी टीप देऊन पक्की करा. टीप दुमडीच्या आधी थांबली तर तळाच्या कोपऱ्यात भोक राहतं, आणि शेवेचा चुरा पहिला तिथूनच गळतो.

अस्तरही असंच शिवायचं, एका फरकाने. तोंडाशी शिलाई चार सूत ठेवा, तळाकडे जाता जाता ती पाच सूत करा. अस्तर आत बसायचं असतं, फोमची जाडी त्याला गिळावी लागते. सरळ चार सूत शिवलेलं अस्तर आत ढिलं पडून गोळा होतं.

कान लावायचे असतील तर याच टप्प्यावर. समोरासमोरच्या दोन बाजूंवर मधोमध, गोल भाग खाली आणि टोकं तोंडाच्या कडेला येतील असे ते टाचा. अस्तर उलटं धरा आणि बाहेरची परडी सुलट करून त्यात घाला, दोन्हींच्या सरळ बाजू एकमेकींना लागल्या पाहिजेत. कोपऱ्यांची शिलाई बाहेरच्या कापडात एकीकडे आणि अस्तरात दुसरीकडे झोपवा, म्हणजे चारही पदर एका जागी येत नाहीत. तोंडाभोवती टीप मारा, पण कान नसलेल्या एका बाजूला चार इंच मोकळे सोडा. तिथून परडी उलटवा, अस्तर आत ढकला, मोकळ्या जागेची कड आत दुमडा आणि तोंडाभोवती दोन सुतांवर पुन्हा एक टीप फिरवा. भोकही बंद होतं आणि काठही बसतो.

मशीन नसेल तरी अडत नाही. फोम वगळा, जाड कॅनव्हास घ्या आणि हातानेच घट्ट उलटी टीप घाला. वेळ लागतो, पण परडी टिकते.

परदेशी पाठवायची असेल तर

पार्सलात उभी परडी जागा खाते आणि चेपते. त्यासाठी टिचबटणांची परडी बरी. १२ इंचांचे दोन चौकोन, बाहेरच्याला फक्त पातळ फ्यूजिंग. कोपरे कापायचे नाहीत. चारही बाजू शिवा, एका बाजूला चार इंच सोडा, उलटवा आणि कडेने टीप फिरवा. ११ इंचांचा चौकोन हाती येतो. प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर ३-३ इंचांवर टिचबटणाचा एकेक भाग लावा. दोन्ही भाग अस्तराच्याच बाजूला, कारण कोपरा चिमटीत धरला की अस्तराला अस्तर भिडतं. चार बटणं लावली की ५ इंच तळाची परडी उभी राहते, काढली की सपाट रुमाल. फराळ डब्यात, परडी घडी करून डब्यावर. मिळालेल्या माणसाने बटणं दाबून घ्यायची.

फराळ भरताना

कापडाचा रंग खाण्यासाठी तपासलेला नसतो, तेव्हा फराळ कापडाला थेट लावू नका. आत बटर पेपर घाला. वर्तमानपत्राचा कागद अजिबात नको. छपाईची शाई तेलकट पदार्थात उतरते, आणि त्यात अन्न बांधू नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरण २०१६ पासून सांगत आलं आहे. चिवडा, शेव, चकली हे पदार्थ हवेने मऊ पडतात, ते बंद पाकिटात किंवा छोट्या डब्यात भरून मगच परडीत ठेवा. लाडू, शंकरपाळे एखादा दिवस उघडे चालतील. नाताळात वसई-गोव्याकडे शेजारी फराळ पाठवणारी आमची गिऱ्हाइकं याच परड्या नेतात. त्यांच्यासाठी सूचना एवढीच की दोदोल (नारळ-गुळाची मिठाई) चिकट असतो, त्याला वेगळा डबा द्या.

टिकल्या, चमकी, आरसे बाहेरच्या बाजूला आणि शिवूनच लावा. चिकटवलेली चमकी लाडवात सापडते.

राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, त्यानंतर नॉन-वोव्हन पिशव्यांचं कापड परडीसाठी मागणारे बरेच येतात. दिसतं कापडासारखं, पण ते प्लास्टिकच. त्यावर इस्त्री टेकली की वितळतं. परडीसाठी आम्ही ते देत नाही.

आणि परडी कितीही शोभिवंत झाली तरी तिच्यात किंवा तिच्याशेजारी पेटती पणती ठेवू नका.

डाग आणि धुणं

तुपा-तेलाचा डाग पडला की लगेच पाणी लावू नका. टाल्कम पावडर दाबून तासभर ठेवा, झटका, मग भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब चोळून धुवा. चिवड्याच्या हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो. घाबरू नका, खळबळून कडक उन्हात वाळवा. हळद उन्हात उडते. बाहेरचं कापड खणाचं असेल तर मात्र सुलट बाजू उन्हात ठेवू नका, त्याचाही रंग उडेल. आतली बाजू वर करून वाळवा. फोमची परडी पिळू नका, मशीनमध्ये टाकू नका.

दुकानातून नेताना

संचात बाहेरचं कापड, अस्तर आणि फोम कापलेला असतो, कापड भिजवून घेतलेलं असतं. मीटरवर घेतलेलं कापड भिजवलेलं नसतं. वेगळं माप हवं असेल तर तळ आणि उंची सांगा, आम्ही कापून देऊ, पण धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात कापून देण्याचं काम बंद असतं. न कापलेलं कापड पावती दाखवून बदलून मिळेल. कापलेलं किंवा भिजवलेलं मिळणार नाही.