अंगावरचे गोळे गेले, कॅमेरे राहिले: हालचाल लाइव्ह मोजण्याची पार्श्वभूमी

आपल्याकडं हिवाळ्यात गावोगाव कबड्डीचे डे-नाईट सामने असतात, अन् टच झाला का नाही यावरून भांडण ठरलेलंच. आता तं कोणी ना कोणी मोबाईलचं शूटिंग पंचासमोर नेऊन धरते. पण एका मोबाईलनं ते ठरत नाही, काहून की बोट बनियनला टेकलं का अलीकडंच राहिलं हे एका कोनातून समजत नाही. दुसरा कॅमेरा दुसऱ्या बाजूनं लागते, अन् दोघांनी अगदी एकाच क्षणाचं चित्र घेतलं पाहिजे. सेकंदाला ३० फ्रेमच्या (चित्रांच्या) शूटिंगमध्ये दोन फ्रेमच्या मधात ३३ मिलिसेकंद जातात, तेवढ्यात सेकंदाला ५ मीटरनं फिरणारा हात साधारण १६ सेंटिमीटर पुढं गेला असते.

अंगाची हालचाल अशी कॅमेऱ्यानं मोजायचं काम जुनं आहे, ते थोडक्यात. १८७८ मध्ये अमेरिकेत पळत्या घोड्याच्या वाटेवर ओळीनं कॅमेरे लावले, मग फ्रान्समध्ये काळ्या कपड्यातल्या माणसाच्या हातापायावर पांढऱ्या रेघा काढून फोटो घेतले. १९७३ मध्ये स्वीडनमधून दाखवून दिलं की अंधारात फक्त सांध्यावरचे ठिपके दिसले तरी चालणारा माणूस ओळखू येते.

त्याच वाटेनं मार्कर आले. घट्ट कपडे, सांध्यांवर चमकणारे छोटे गोळे (हेच मार्कर), भोवताल इन्फ्रारेड कॅमेरे, अन् गोळा किमान दोघांना दिसला की त्याची जागा मिलिमीटरमध्ये निघते. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा झाल्यानं हालचालीवर ताबा राहत नाही असा आजार) लेकरांच्या पायाचं ऑपरेशन ठरवताना अशाच लॅबचा आधार घेणं सुरू झालं.

मग हे गोळे काढून टाकायचं ठरलं, खरा वाद इथं आहे. काढणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही: गोळा कातडीवर असते, हाडावर नाही, मांडीची कातडी सरकली की तो सेंटिमीटरभर हलते, चिकटवायला वेळ जाते अन् लेकरू रडकुंडीला येते. पण बिनगोळ्याचं सॉफ्टवेअर शिकते कशावरून? माणसांनी फोटोत सांध्यांवर नजरेनं क्लिक करून ठेवलंय त्यावरून, नाहीतर मार्करच्याच मोजणीवरून. २०१४ चा सॉफ्टवेअरला शिकवायला फार वापरला गेलेला एक साठा घ्या, ३६ लाख पोझ आहेत, पण माणसं फक्त ११, तेही कलाकार, एकाच लॅबमध्ये ४ व्हिडिओ कॅमेऱ्यांसमोर, अन् त्यातलं बरोबर उत्तर पण मार्करनंच मोजलेलं! लुगडं नेसून वावरात वाकून कापूस वेचणाऱ्या बाईचा खुबा कॅमेऱ्याला दिसतच नाही, सॉफ्टवेअर तिथं अंदाज करते अन् सांधे जोडणारी रेघ मात्र तशीच ठळक काढते. कष्टाच्या कामानं खुबा कसा झिजते हे मोजायचं असेल तं नेमका तोच सांधा पाहिजे, म्हणून मार्कर मोडीत काढायची घाई झाली असं माझं ठाम मत आहे.

पुढचं झपाट्यानं झालं. २०१० मध्ये गेमसाठी समोरचं किती लांब आहे ते मोजणारा कॅमेरा घरात आला, एकच होता, हात पाठीमागं गेला की हरवायचा. २०१७ च्या आसपास साध्या व्हिडिओत एका वेळी अनेक माणसांचे सांधे लाइव्ह सापडू लागले. २०२२ मध्ये कतारच्या फुटबॉल वर्ल्डकपात छताखाली १२ कॅमेरे, दर खेळाडूचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा, तरी ऑफसाइडवर शेवटची मोहर माणसाचीच. आता दोन आयफोनवर चालणं मोजणारं सॉफ्टवेअर संशोधनासाठी फुकट मिळते, पण त्यात व्हिडिओ इंटरनेटवर पाठवून उत्तराची वाट पाहावी लागते, लाइव्ह नाही.