सॅव्हंट मुलांचं कौशल्य आणि त्यांना लागणारी साथ

लंडनमधल्या लिंडन लॉज या अंधशाळेत १९८० च्या दशकात चारपाच वर्षांचा एक मुलगा आईवडिलांबरोबर शाळा बघायला आला. पियानोचा आवाज कानावर पडताच तो हात सोडवून धावला, वाजवणाऱ्याला बाजूला ढकललं आणि स्वतः वाजवायला लागला. बोटं पुरेनात तेव्हा तळहाताच्या कडेनं, अगदी कोपरानंही सूर दाबत होता. इतरांना तो नुसता गोंगाट वाटला असता, पण तिथले संगीतशिक्षक अ‍ॅडम ऑकेलफर्ड यांना त्यात ओळखीची चाल ऐकू आली.

हा मुलगा म्हणजे डेरेक पॅराविचिनी. १९७९ मध्ये अवघ्या २५ आठवड्यांचा असताना त्याचा जन्म झाला. जीव वाचवण्यासाठी दिलेल्या प्राणवायूमुळे दृष्टिपटल निकामी झालं. पुढे तीव्र बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नताही (ऑटिझम) लक्षात आली. एकदा ऐकलेली रचना तो पियानोवर वाजवतो, हव्या त्या पट्टीत आणि हव्या त्या शैलीत. मात्र रोजच्या साध्या कामांसाठी त्याला आजही सोबत लागते.

बौद्धिक, विकासात्मक किंवा मेंदूच्या इजेतून आलेली अक्षमता आणि तिच्या जोडीला एखाद्या क्षेत्रातलं थक्क करणारं कौशल्य असेल, तर त्याला सॅव्हंट सिंड्रोम म्हणतात. ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी १८८७ मध्ये अशा व्यक्तींचं वर्णन केलं. तेव्हा त्यांनी वापरलेल्या नावात ‘मूर्ख’ असा अर्थ होता. तो शब्द मागे पडला हे बरंच झालं. ही कौशल्यं बहुधा मोजक्याच क्षेत्रांत दिसतात: संगीत, चित्रकला, तारखांचं गणित, आकडेमोड, यंत्रं आणि रचना. बहुतेकांच्या मुळाशी विलक्षण स्मरणशक्ती असते.

सॅव्हंट म्हणजे स्वमग्न आणि स्वमग्न म्हणजे सॅव्हंट, हा समज १९८८ च्या ‘रेन मॅन’ चित्रपटानं जगभर पसरवला. त्यातल्या पात्रामागची एक प्रेरणा होता अमेरिकेतला किम पीक. तो स्वमग्न नव्हताच. त्याच्या मेंदूचे डावा-उजवा भाग जोडणारा तंतूंचा पट्टा जन्मतः नव्हता. त्यानं हजारो पुस्तकं जवळजवळ पाठ केली होती, पण शर्टाची बटणं लावणं त्याला अवघड जाई. १९७८ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड रिमलँड यांनी सुमारे ५,४०० स्वमग्न मुलांच्या पालकांकडून माहिती जमवली, तेव्हा साधारण १० टक्के मुलांत काही विशेष कौशल्य असल्याचं पालकांनी सांगितलं. म्हणजे त्याच पाहणीत उरलेल्या ९० टक्क्यांत तसं काही नव्हतं. ‘मग याला काय स्पेशल येतं?’ हा प्रश्न स्वमग्न मुलाच्या आईला ऐकवताना हा आकडा आठवावा. त्या मुलाला काहीही ‘स्पेशल’ येत नसलं तरी त्याची शाळा, थेरपी आणि मान यांवरचा हक्क तेवढाच आहे.

तारीख सांगितली की वार सांगणारी मुलं हा त्यातला आपल्याकडेही अनेकांनी पाहिलेला प्रकार. त्यामागे एक रचना आहे. जानेवारीच्या १ तारखेचा वार आणि लीप वर्ष आहे की नाही, एवढं धरलं तर एकूण १४ प्रकारचीच कॅलेंडरं संभवतात. मध्ये १९०० सारखं लीप न धरलेलं शतकवर्ष आलं नाही, तर दर २८ वर्षांनी तेच कॅलेंडर परत येतं. १ मे १९६० ला, महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा, रविवार होता. १ मे १९८८ लाही रविवार आणि १ मे २०१६ लाही रविवारच. एप्रिल आणि जुलै हे महिने दरवर्षी एकाच वाराला सुरू होतात. हे नियम या मुलांना कुणी शिकवलेले नसतात. भिंतीवरचं कॅलेंडर तासन्‌तास न्याहाळताना ते त्यांच्या मनात उतरतात. प्रयोगांत असंही दिसलं आहे की तारीख वर्तमानापासून जितकी दूर, तितका उत्तराला बहुधा वेळ जास्त लागतो. म्हणजे नुसतं पाठांतर नाही, आत काही हिशोबही चालू असतो.

मेंदूत नेमकं काय घडतं, याचं एकच उत्तर नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डॅरोल्ड ट्रेफर्ट यांनी आयुष्यभर अशा व्यक्तींचा अभ्यास केला. डाव्या भागातली उणीव उजवा भाग भरून काढतो, असा त्यांचा कल होता. लॉरेन मॉट्रन आणि इतर संशोधक स्वमग्न मेंदूच्या तपशील टिपण्याच्या तीव्र क्षमतेवर भर देतात. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ही कौशल्यं आकाशातून पडत नाहीत. आवड, तासन्‌तासांचा सराव आणि ओळखणारं माणूस यांवर ती उभी राहतात.

ऑकेलफर्ड यांनी काय केलं ते पाहा. डेरेक पियानोपाशी कुणाला येऊच देत नसे. मग ते त्याला उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवत आणि तो रांगत परत येईपर्यंतच्या दहाएक सेकंदांत काहीतरी वाजवून दाखवत. डेरेक परत येऊन तेच वाजवी. आधी आठवड्यातून एकदा, नंतर रोज, अशी वर्षानुवर्षं शिकवणी चालली. नवव्या वर्षी तो लंडनच्या बार्बिकन सभागृहात वाद्यवृंदाबरोबर वाजवत होता. त्याआधी घडलं ते मला अधिक मोलाचं वाटतं: एक वाजवणार, दुसरा उत्तर देणार, ही देवाणघेवाण तो सुरांतून शिकला.

स्टीव्हन विल्टशायर या स्वमग्न चित्रकाराची वाटही तशीच. लहानपणी तो बोलत नसे, सतत चित्रं काढी. शिक्षकांनी चित्राचं सामान थोडा वेळ दूर ठेवलं, म्हणजे तो मागेल. त्याचा पहिला शब्द आला, ‘पेपर’. आज हेलिकॉप्टरमधून एकदा पाहिलेली शहरं तो आठवून रेखाटतो आणि लंडनमध्ये त्याची स्वतःची गॅलरी आहे.

भाषा आली की कौशल्य जाईल, अशी भीती पूर्वी व्यक्त होई. नॉटिंगहॅममधल्या एका मुलीचं चित्र काढणं बोलणं वाढल्यावर मंदावलं होतं. पण विल्टशायर आणि इतर अनेकांच्या बाबतीत तसं झालं नाही. कौशल्याला वाव दिल्यानं मूल आणखी स्वतःत बुडेल, हीही भीती ट्रेफर्ट यांना पटत नसे. उलट बोलणं, मिसळणं आणि स्वावलंबन यांची वाट तिथूनच निघते, असं ते सांगत.

वाव देणं आणि प्रदर्शन मांडणं मात्र वेगळं. अमेरिकेत १८४९ मध्ये गुलामीत जन्मलेला अंध पियानोवादक टॉम विगिन्स १८६० मध्ये व्हाइट हाउसमध्ये वाजवून आला. त्याच्या कार्यक्रमांवर मालकांनी अमाप पैसा कमावला आणि गुलामी संपल्यावरही पालकत्वाच्या नावाखाली त्याला ताब्यात ठेवलं. आपल्या घरांत इतकं क्रौर्य नसतं. पण पाहुणे आले की ‘काकांच्या वाढदिवसाचा वार सांग बरं’ हा आग्रह होतो आणि मूल कान झाकून घेतं, तरी तो थांबत नाही. त्याला नको असेल तर थांबायला हवं.

दुसरी अडचण उलट दिशेनं येते. ‘एवढा हुशार आहे, याला दिव्यांगत्वाचं कसलं सर्टिफिकेट?’ असं पालकांना ऐकावं लागतं. एका क्षेत्रातल्या नैपुण्यानं बाकीची गरज कमी होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्वतंत्रपणे नोंदलेली आहे आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘आमच्या माघारी याचं काय?’ हा तर प्रत्येक आईवडिलांचा प्रश्न. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्न व्यक्ती १८ वर्षांची झाल्यावरही तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. तो अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो.