पांढऱ्या पेशीतलं टीसीएल
उन्हाळा लागला की मराठवाड्यात लेकरांच्या डोक्यात, मानेवर, मांड्यांवर केसतोड उठतात आणि घरोघरी एकच निदान ऐकू येतं: आंब्याची उष्णता बाधली. आंब्याचा यात काहीच दोष नाही. घामोळ्या खाजवून कातडी सोलवटते आणि एरवी नाकात मुक्काम करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू नखावाटे केसाच्या मुळाशी पोचतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तसल्या टंचाईत आंघोळ आणि धुणं आधी कमी होतं, मग खरूज, केसतोड एका अंथरुणातून दुसऱ्यात जातात. घरातल्या दोघातिघांना एकदमच गळवं झाली असतील तर ती लागण आहे. त्यासाठी 'इम्युनिटी' वाढवणारी बाटली विकत घेऊ नये. गळवावर बिब्बा तर अजिबात लावू नये, त्याच्या तेलाने कातडी भाजते.

शंका घ्यायची ती वेगळ्या चित्राची. घरात एकाच लेकराला पुन्हा पुन्हा खोल गळवं होतात, दर वेळी चिरा द्यावा लागतो, काखेतल्या किंवा मानेतल्या गाठी पिकतात. क्षयाची बीसीजी लस डाव्या दंडावर टोचतात. नंतर डाव्या काखेतली गाठ पिकून वाहत राहिली तर तेही लक्षात ठेवावं. आणि लहान मुलाच्या यकृतात स्टॅफिलोकोकसचं गळू सापडलं, तर नुसता पू काढून घरी पाठवणं चूक आहे. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही तपासायचेच, पण या चित्रामागे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी असू शकतो. साधारण दोन लाख जन्मांत एकाला होणारा हा आजार सहज निसटतो, कारण साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी भरपूर दिसतात.

पेशी भरपूर असतात, जंतूपर्यंत पोचतात, त्याला गिळतातही. अडतं त्यापुढे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीने जंतू गिळला की तो पटलाच्या एका पिशवीत बंद होतो. त्या पटलात एका यंत्राचे दोन भाग आधीच बसलेले असतात. तीन भाग पेशीद्रवात सुटे फिरत असतात. इशारा मिळताच ते तिन्ही, रॅक नावाच्या छोट्या प्रथिनासह, पटलाला येऊन जुळतात आणि एनएडीपीएच ऑक्सिडेज हे यंत्र सुरू होतं. ते पेशीतल्या एनएडीपीएच या रेणूकडचे इलेक्ट्रॉन पिशवीत ढकलून ऑक्सिजनला देतं. सुपरऑक्साइड बनतं, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड. मग मायलोपेरॉक्सिडेज हे हिरवट विकर (पुवाला हिरवी झाक येते ती याचीच) पेरॉक्साइड आणि क्लोराइडपासून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर पाण्यात जंतू मारणारं द्रव्य तयार होतं, ते हेच. मात्र मायलोपेरॉक्सिडेज नसलेली बरीच माणसं ठणठणीत असतात. म्हणजे खरी कळ पहिल्या पायरीवर, सुपरऑक्साइडमध्ये आहे. यंत्राचा एक भाग जरी जनुकदोषाने बिघडला तरी जंतू गिळलेल्या पेशीतच जिवंत राहतो.

तपासणी मोठी देखणी आहे. रक्ताच्या थेंबात एनबीटी हा पिवळा रंग घालून पेशींना चेतवतात. निरोगी न्यूट्रोफिलमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली गडद निळे कण दिसतात, सीजीडीत पेशी कोऱ्या राहतात. आता डीएचआर ही चमक मोजणारी चाचणी जास्त वापरतात. दोन्हींना ताजं, जिवंत रक्त लागतं. नमुना उन्हात, प्रवासात एकदोन दिवस पडून राहिला तर पेशी मरतात आणि निरोगी लेकरूही आजारी ठरतं. म्हणून सोबत एका निरोगी माणसाचा नमुना त्याच डब्यात पाठवायचा. तोही कोरा निघाला तर दोष वाहतुकीचा. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा आजारांवर काम चालतं.

घराण्याचा इतिहास विचारताना आईच्या माहेरचा नीट विचारावा. दोन तृतीयांश रुग्णांत दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून मामा स्वतः, किंवा मावशीचा मुलगा, लहानपणी तापाने, गळवाने गेला का, हा प्रश्न मोलाचा. उरलेल्या प्रकारांत आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक येतं. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत त्याची शक्यता वाढते.

निदान झालं की को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी इट्राकोनाझोल रोज, वर्षानुवर्षं द्यावं लागतं; आजार मुळातून बरा करायला अस्थिमज्जा प्रत्यारोपण. अशा लेकराला उकिरड्यावर, कुजक्या कडब्याजवळ, भुसा भरताना थांबू देऊ नये: त्यातल्या ॲस्परजिलस बुरशीची धूळ एकदा छातीत गेली तरी जिवावर बेतू शकते. आणि त्याच घरात पुढचं बाळ जन्मलं, तर चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत बीसीजी थांबवायला डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं.