आधी मूळ गाव सांगा

नाशिकच्या रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे आपल्या घराण्याची नामावळी बघायला गेलात, तर गुरुजी आधी विचारतात, "मूळ गाव कोणतं?" मग आडनाव, आजोबांचं नाव. 'आमच्या घराण्याचं काही सापडतंय का बघा' एवढ्यावर वही उघडत नाही. गाव-आडनाव जुळलं की बासन सुटतं आणि पणजोबांनी स्वतःच्या हातानं, कधी मोडीत, लिहिलेल्या ओळी समोर येतात. उत्तर आणि पुरावा एकाच पानावर.

एआयला प्रॉम्प्ट, म्हणजे लेखी प्रश्न किंवा सूचना, कसा द्यावा ही चर्चा २०२२ नंतरची, पण नेमकं विचारण्याची विद्या बरीच जुनी. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. तिथं ग्रंथपालांना 'इतिहासाचं काहीतरी द्या' म्हणणाऱ्याच्या हाती काय पडत असेल, हे वेगळं सांगायला नको. १९३३ मध्ये ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची, पुस्तकं विषयवार लावण्याची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. विषयाचे पैलू सुटे करायचे, ही तिची रीत. स्थळ आणि काळ हे त्यांतलेच दोन. संगणकीय शोधात गणितज्ञ बूलचं १८५४ चं तर्कशास्त्र 'आणि', 'किंवा', 'नाही' होऊन उतरलं. १९९८ मध्ये गूगल आलं आणि दोन शब्द टाकून भागू लागलं. आपली विचारण्याची सवय बिघडली ती इथं, असं माझं मत.

२०२० मध्ये जीपीटी-३ या एआय भाषा-मॉडेलच्या संशोधकांनी दाखवलं, की प्रश्नासोबत दोन-चार नमुने दिले तर मॉडेल नव्यानं न शिकवताही काम जमवतं. २०२२ च्या सुरुवातीला मॉडेलकडून टप्प्याटप्प्यानं विचार करून घेण्याचं तंत्र पुढे आलं आणि ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं. नामावळी, ग्रंथालयातलं सूचीकार्ड, गूगल ही सगळी कागदापर्यंत नेऊन सोडत. इथं कागदाशिवायच उत्तर मिळू लागलं. मॉडेल पुढचा संभाव्य शब्द जुळवतं, त्यामुळे संदर्भही जुळवून देतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी असेच अस्तित्वात नसलेले निवाडे सादर केले आणि ५,००० डॉलर दंड ओढवून घेतला.

माहितीचे स्रोत पारखण्यासाठी अमेरिकी ग्रंथपालांनी २००४ मध्ये ताजेपणा, लेखकाचा अधिकार, हेतू वगैरे निकषांची चाचणी बनवली. चांगली आहे. पण मराठीत इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, तेव्हाच त्या काळचं अस्सल पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांना एका तागडीत घालायचं नाही, हे बजावलं होतं. एआयचं उत्तर फार तर बखर.

परवा एका एआय साधनाला विचारलं, 'काळाराम मंदिर सत्याग्रहाची माहिती संदर्भासह दे.' झकास परिच्छेद आला आणि खाली नाशिक जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरचा पृष्ठक्रमांक. ते गॅझेटिअर १८८३ चं. सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० ला! मग प्रॉम्प्ट बदलला: 'सोबत जोडलेल्या मजकुरातूनच उत्तर दे. प्रत्येक विधानापुढे मूळ वाक्य जसंच्या तसं दे. आधार नसेल तिथे "आधार नाही" लिही.' उत्तर निम्म्यावर आलं. तीन ठिकाणी 'आधार नाही' होतं, आणि तेवढ्यासाठी मला वाचनालय गाठावं लागलं.