ताप फवारणीनं गेला की पाऊस गेल्यानं?

गणपती गेले, भात पोटरीला आलं, की कोकणातल्या वाड्यांवर तापाचे रुग्ण वाढतात. पोफळीच्या बागेत पडलेल्या विरी (झावळीच्या बुडाची खोलगट आवरणं), नारळाच्या करवंट्या, पडवीतलं पिंप, सगळीकडे पाणी साचलेलं असतं. मग डास मारायला धूर फवारणारं मशीन येतं. दिवाळीनंतर ताप ओसरतो आणि फवारणी लागू पडली असं सगळे म्हणतात. पण पाऊसही तेव्हाच थांबलेला असतो!

फवारणी झालीच नसती तर किती माणसं आजारी पडली असती, हे कळल्याशिवाय तिचा गुण ठरवता येत नाही. तो न घडलेला आकडा गणितानं काढावा लागतो. या गणिताचा पाया ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी घातला. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात त्यांना 1897 साली सिकंदराबादेत दिसला. सगळे डास मारणं अशक्य, मग प्रयत्न कशाला, असं म्हणणारे तेव्हाही होते. रॉस यांनी समीकरणं मांडून दाखवलं की डासांची संख्या एका मर्यादेखाली आली तरी हिवताप आपोआप विझत जातो.

पुढे हिवतापाचे अभ्यासक जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी 1950च्या दशकात या गणितात डासाचं आयुष्य आणलं, आणि मला तरी हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. डास निम्मे झाले तर प्रसार निम्मा होतो. पण प्रत्येक डासाचे माणसाला होणारे दंश निम्मे झाले, तर प्रसार चौथाईवर येतो, कारण रोग पसरवायला डासाला दोनदा चावावं लागतं: एकदा रोग घेताना, एकदा देताना. मच्छरदाणीची ताकद इथे आहे. शिवाय परजीवी डासाच्या अंगात तयार व्हायला साधारण दहा दिवस लागतात; तेवढे दिवस जगलेला डासच रोग देऊ शकतो. रोज शंभरातले 90 डास जगत असतील, तर दहा दिवसांनी 35 उरतात. रोज 80च जगले, तर उरतात जेमतेम 11. पावसाळी दमट हवेत डास जास्त दिवस जगतो, म्हणून आपल्याकडे हा हिशोब फार जपून करायला हवा.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तिथे मच्छरदाणी तोकडी पडते. धूर उडत्या डासांना मारतो, पण विरीतल्या अळ्या तशाच राहतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. एकदाच धूर केला, तर गणितातला डासांचा आलेख खाली जाऊन पुन्हा चढतो. आरोग्यसेविका दर आठवड्याला पिंप रिकामं करून कोरडं ठेवायला सांगतात, तो आठवडा या दिवसांच्या हिशोबातूनच आला आहे.