आवळा कँडी

वाफवलेल्या आवळ्याच्या फोडी साखरेत मुरवून, पाक निथळून वाळवल्या की तयार होणारा टिकाऊ गोड पदार्थ. महाराष्ट्रात तो मोठ्या प्रमाणावर घरोघरी आणि महिला बचत गटांत बनतो. गावातली किराणा दुकाने, आठवडी बाजार, एस.टी. स्थानके, देवस्थानांच्या वाटा आणि हिवाळ्यातली प्रदर्शने ही त्याची विक्रीची ठिकाणे. मोरावळा पाकातच राहतो, कँडी पाकातून काढून कोरडी करतात. पुडीत भरता येते, सांडत नाही, प्रवासात नेता येते, म्हणून घरगुती विक्रीला मोरावळ्यापेक्षा ती सोयीची पडते.

आवळा हे पोटभर खायचे फळ नाही. कार्तिकात आवळीभोजन होते, तुळशीच्या लग्नात आवळा लागतो, मुले तिखटमीठ लावून एखाददुसरा खातात, थोड्याचे लोणचे होते. तरी फळ उरतेच. झाड मात्र मुरमाड जमिनीत, कमी पाण्यावर तग धरते. १९९० नंतर रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीतून कोरडवाहू भागात बोर, सीताफळाबरोबर आवळ्याच्याही बागा उभ्या राहिल्या. हंगाम साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. अशा वेळी पातेले, चाळणी, साखर आणि ऊन एवढ्या भांडवलावर करता येण्याजोगी प्रक्रिया म्हणून कँडीचे मोल मोठे आहे.

कँडीसाठी पूर्ण वाढलेला, डाग नसलेला, मोठा आवळा घेतात. लागवडीतल्या वाणांपैकी चकैयाच्या गरात रेषा (धागे) जास्त असतात. अयोध्येच्या नरेंद्र देव कृषी विद्यापीठाने निवडलेल्या एनए-७ मध्ये त्या कमी असल्याने फोड मऊ राहते. रानआवळा चवीला जोरकस, पण फळ लहान आणि त्या मानाने बी मोठी, त्यामुळे मेहनत वाढते. राय आवळा हे वेगळेच झाड असून या कामाचे नाही. लोखंडी कढई किंवा सुरी वापरू नये. आवळ्यातल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला की फोडी काळ्या पडतात.

धुतलेले आवळे चाळणीत ठेवून आठ-दहा मिनिटे वाफवतात. फळावरच्या सहा रेघा उकलू लागल्या की वाफ पुरे. कोमट असताना अंगठ्याने दाबले की फोडी सुट्या होतात आणि बी अलगद हाती येते. वाफ कमी पडली तर गर बीला चिकटून राहतो, जास्त झाली तर फोडींचा लगदा होतो. काही जणी आवळे आधी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात. गोठल्याने गर सैल होतो आणि साखर लवकर आत जाते.

एक किलो फोडींना सातशे ग्रॅम ते एक किलो साखर थर देऊन घालतात व भांडे झाकून ठेवतात. दुसऱ्या दिवशी साखरेचे पाणी झालेले असते आणि फोडी वर तरंगत असतात. रोज एकदा हलवत राहावे. पाक पातळ वाटला तर फोडी बाजूला काढून तो उकळून दाट करतात आणि निवला की पुन्हा ओततात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोडी तळाला बसतात. साखर आतपर्यंत पोचल्याची ही खूण अनुभवी बायका तारेच्या परीक्षेपेक्षा विश्वासाची मानतात, आणि ते योग्यच आहे.

इथे घाई चालत नाही. पहिल्याच दिवशी दाट, गरम पाक ओतला तर फोडीतले पाणी झपाट्याने बाहेर येते, साखर मात्र त्या वेगाने आत शिरत नाही. फोड सुरकुतते आणि चामट होते. हळूहळू मुरलेली फोड फुगीर आणि अर्धपारदर्शक राहते. टिकण्याचे कारणही साखरच: तिने पाणी बांधून ठेवले की बुरशीला आणि जंतूंना ते मिळत नाही. आवळ्याच्या आंबटपणामुळे पाक तापवताना साखरेचा काही भाग विघटित होतो. त्यामुळे वाळल्यावर कँडीत खडे धरत नाहीत. अन्न सुरक्षा नियमांत कँडी केलेल्या फळात एकूण साखर किमान ७० टक्के आणि त्यातली अशी विघटित, म्हणजे क्षपणकारी, साखर किमान २५ टक्के असावी असे सांगितले आहे.

निथळलेल्या फोडी दोन-तीन दिवस पातळ कापडाखाली उन्हात किंवा सौर वाळवणी यंत्रात वाळवतात. बोटाला चिकटेनाशी झाली, पण दाबल्यावर मऊ लागली, की फोड झाली. वर पिठीसाखर भुरभुरतात. आले, जिरेपूड किंवा काळे मीठ लावलेले प्रकारही खपतात. वजनाला कँडी मूळ फळाच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते. भाव ठरवताना हे विसरले की मेहनत फुकट जाते. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा या कामाला उत्तम. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, सैल बांधलेली पुडी ओल धरून पाझरते, म्हणून जाड, हवाबंद पाकीट लागते.

घरून विकायलाही अन्न सुरक्षा नोंदणी हवी. २०११च्या नियमावलीत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली होती. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किंमत, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण छापावी लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत अशा उद्योगाला खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद होती. मुंबईचे महालक्ष्मी सरस आणि पुण्याची भीमथडी जत्रा यांसारख्या प्रदर्शनांत बचत गटांना शहरी गिऱ्हाईक भेटते. वर्षभराचा आधार मात्र आसपासची ओळखीची दुकानेच असतात, कारण तिथे चव आवडलेला माणूस परत येतो.

आवळा 'क' जीवनसत्त्वासाठी प्रसिद्ध आहे, पण वाफवताना आणि वाळवताना त्यातला काही भाग जातो, काही पाकात उतरतो. कँडी हा गोड खाऊ आहे. मधुमेह असलेल्यांनी ती औषध समजून खाऊ नये आणि विकणाऱ्यांनी पाकिटावर रोग बरे करण्याचे दावे करू नयेत. साखर टाळणाऱ्यांसाठी त्याच आवळ्याची मीठ, ओवा, जिरे लावून वाळवलेली सुपारी करता येते. उरलेल्या पाकात आल्याचा रस घालून तो गाळून, उकळून बाटल्यांत भरतात. उन्हाळ्यात सरबतासाठी त्याला चांगली मागणी असते.